सूर्यावरचे नसलेले मूलद्रव्य

७ ऑगस्ट १८६९ च्या खग्रास सूर्यग्रहणात यंग आणि हार्कनेस या अमेरिकी निरीक्षकांना सूर्याच्या प्रभामंडळात एक हिरवी रेषा दिसली. आधी ती लोखंडाची वाटली. २२ जानेवारी १८९८ चे ग्रहण आपल्याकडून दिसले. लॉकयर विजयदुर्गावर होते, तर पुण्याचे कावसजी नायगमवाला जेऊरला. त्या ग्रहणाच्या छायाचित्रांवरून रेषेची जागा नेमकी ठरली आणि लोखंडाशी तिचा मेळ तुटला. पृथ्वीवर न सापडलेले ‘कोरोनियम’ नावाचे मूलद्रव्य तिथे असावे, ही समजूत पक्की झाली. खुद्द मेंडेलीव्हने त्याला आपल्या सारणीत हायड्रोजनच्याही आधी जागा देऊ केली.

कोडे सुटले ते अणूच्या हिशेबातून. लोखंडाच्या अणूत २६ इलेक्ट्रॉन असतात. पहिला काढायला ७.९ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा लागते, दुसऱ्याला १६.२, तिसऱ्याला ३०.७. केंद्रकाचा धनभार तेवढाच राहतो, इलेक्ट्रॉन मात्र घटतात. म्हणून उरलेल्यांवरची पकड आवळत जाते. बाहेरचे आठ गेले की आतल्या, अधिक घट्ट बांधलेल्या गटाला हात घालावा लागतो. आठव्याला १५१, तर नवव्याला एकदम २३४.

१९२० मध्ये मेघनाद साहांनी तापमान आणि ही आयनीकरण ऊर्जा यांचे नाते समीकरणात बांधले होते. त्यानुसार, सुमारे साडेपाच हजार अंश सेल्सिअसच्या सूर्यपृष्ठावर लोखंड एखादाच इलेक्ट्रॉन गमावते. बाहेरचे प्रभामंडळ त्याहून थंडच असणार, असे सगळे धरून चालले होते.

१९३९ मध्ये जर्मनीच्या ग्रोट्रियनने दाखवले, की प्रभामंडळातली एक लाल रेषा नऊ इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची आहे. स्वीडनच्या एड्लेनने प्रयोगशाळेत विद्युत ठिणग्यांनी लोखंडाचे इलेक्ट्रॉन उडवून वर्णपट मोजले होते. त्या आधारे १९४३ च्या निबंधात त्याने हिरवी रेषाही ओळखली: तेरा इलेक्ट्रॉन गमावलेले लोखंड! तेरावा काढायला ३६१ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात, पहिल्याच्या पंचेचाळीस पटींहून अधिक. एवढी किंमत चुकवायला प्रभामंडळाचे तापमान दहा लाख अंशांच्या वर हवे.

कोरोनियम संपले, पण पृष्ठापासून दूर जाताना तापमान वाढते कसे, हा अधिक अवघड प्रश्न मागे राहिला. त्यावर अजूनही एकमत नाही. सत्तर वर्षे शोध नव्या मूलद्रव्याचा चालला होता. हाती आले ते घरातल्या तव्याचेच लोखंड, फक्त निम्मे इलेक्ट्रॉन हरवलेले.