अनवाणी : धावण्याच्या इतिहासातील एक विशेषण

मराठीत पायतणाला दोनच मानाच्या जागा आहेत : एक देव्हाऱ्यात आणि दुसरी शिवीत. पादुकांवर आपण फुले वाहतो, पालखीतून त्या मिरवतो. आणि त्याच भाषेत जोडे मारतो, जोड्याने पूजा बांधतो, 'पायातली वहाण पायातच बरी' असे एखाद्याला बजावून त्याची पायरी दाखवतो. काट्याकुट्यांपासून, उन्हापासून, दगडापासून पाय राखणे हे जे पायतणाचे साधे काम, त्याविषयी भाषा जवळजवळ काही बोलत नाही. ज्याच्या पायात ते नाही त्याच्यासाठी मात्र तिने एक शब्द घडवला आहे : अनवाणी. मूळ संस्कृत 'उपानह्'. त्याची वहाण झाली आणि नकार जोडून अनवाणी. शब्द अभावाचा आहे. कोणाकडे काय नाही एवढेच तो सांगतो. का नाही, हे सांगत नाही. धावण्याचा इतिहास लिहिताना या मौनाची किती किंमत मोजावी लागते, ते आम्हांला येथे पाहायचे आहे.

सुरुवात आमच्याच जिल्ह्यापासून करू. लताबाई भगवान करे या मूळच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर तालुक्यातल्या. मजुरीच्या शोधात हे कुटुंब बारामती परिसरात गेले. पती आजारी पडले, तपासण्यांसाठी पैसे हवे होते आणि हातात काही नव्हते. २०१३ साली बारामतीत झालेल्या मॅरेथॉनमधील ज्येष्ठांच्या तीन किलोमीटरच्या शर्यतीला रोख बक्षीस होते. साठी ओलांडलेल्या लताबाई नऊवारी नेसून अनवाणी धावल्या आणि पहिल्या आल्या. पुढच्या दोन वर्षीही त्यांनी ही शर्यत जिंकली. नवीन देशबोईना या दिग्दर्शकाने त्यांच्यावर 'लता भगवान करे' हा मराठी चित्रपट काढला; त्यात लताबाईंनी स्वतःचीच भूमिका केली. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या सदुसष्टाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याचा विशेष उल्लेख झाला.

या घटनेच्या बातम्या आणि कौतुकाचे लेख वाचताना एक गोष्ट लक्षात येते. बहुतेक मजकुरांत 'नऊवारीत' आणि 'अनवाणी' हे दोन शब्द जोडीने येतात आणि दोन्ही अलंकारासारखे येतात. जणू बाईंनी ते या शर्यतीसाठी मुद्दाम धारण केले होते. वास्तविक नऊवारी हा त्यांचा रोजचा वेश होता आणि अनवाणी असणे ही त्यांची परिस्थिती. परिस्थितीचा अलंकार होतो तेव्हा वाचकाची सोय होते. डोळे पाणावतात, आणि तपासणीच्या पैशांसाठी साठीनंतर धावावे का लागले, हा प्रश्न मागे पडतो.

मेहकर तालुक्याचा भूगोल येथे सांगायला हवा, कारण पाय आणि जमीन यांचा विचार वेगळा करता येत नाही. बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग पडतात. उत्तरेला पूर्णेच्या खोऱ्यातला सपाट पाईनघाट : मलकापूर, नांदुरा, शेगाव. दक्षिणेला अजिंठ्याच्या रांगेवरचा बालाघाट : चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा. एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात नागपूरकडे गेलेली आगगाडी पाईनघाटातून गेली. घाटावरच्या माणसाला ती गाठायला खाली उतरावे लागले. खामगाव–जालना रेल्वेची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे. घाटावरची जमीन म्हणजे बेसाल्ट, मुरूम आणि काळी माती. उन्हाळ्यात ही माती भेगाळते, पावसाळ्यात ती टाचेला किलोकिलोने चिकटते आणि पांदणीतून चालताना चप्पल पायात राहत नाही, चिखलातच रुतून बसते. चप्पल हातात घेऊन चालणे हा इथला कित्येक पिढ्यांचा व्यवहार आहे. त्यात ना भक्ती आहे ना बंड. बाभळीचा काटा, सराटा आणि बोरीची आकडी यांना तोंड द्यायला घराघरांत सुई असे, रुईचा चीक असे, आणि कुरूप झाले तर तापवलेला बिब्बा. बिब्ब्याचा चटका ज्याने खाल्ला आहे त्याला अनवाणी चालण्याची महती कोणी सांगू नये.

याच जिल्ह्यात अनवाणी चालण्याचा दुसरा अर्थही दरवर्षी रस्त्यावर उतरतो. शेगावहून गजानन महाराजांची पालखी आषाढीसाठी पंढरपूरला निघते. सातशे किलोमीटरहून अधिक वाट आणि सुमारे महिनाभराची चाल. वारीत काहीजण नवसाने वा व्रताने वहाणा सोडून चालतात. त्यांच्या टाचांना पडणाऱ्या भेगा आणि ऊसतोडीला गेलेल्या मजुराच्या टाचांच्या भेगा दिसायला सारख्याच. पण एकाने वहाण काढून ठेवलेली आहे. ती घरी आहे आणि परतल्यावर तो ती घालणार आहे. दुसऱ्याची तुटलेली आहे. तिसरा एक माणूस या दोघांच्या मागे इतिहासात उभा आहे. त्याच्याकडे वहाण होती, पण गावातल्या वरिष्ठांच्या दारावरून जाताना ती काढून हातात घ्यावी लागे. ज्या देऊळगावराजा तालुक्यातल्या मेहुणाराजा गावी चोखोबांचा जन्म झाला असे मानले जाते, तेथे हे वेगळे सांगायला नको. व्रताने, दारिद्र्याने आणि मनाईने आलेले अनवाणीपण अशा तिन्हींना आपल्याकडे एकच शब्द आहे.

आता शंभर वर्षे मागे जाऊ. बुलढाण्याहून पुण्याला जाण्याचे कारण असे की, मराठी मुलखातले अनवाणी पाय पहिल्यांदा आधुनिक शर्यतीच्या घड्याळाखाली आले ते तेथे. पहिल्या महायुद्धानंतर डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत आसपासची शेतकरी मुले लांब पल्ल्याच्या शर्यतींत उतरली. जिमखान्याचे अध्यक्षपद सांभाळणारे सर दोराबजी टाटा यांनी पुढे १९२९ साली आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात याची आठवण सांगितली आहे. तिचा आशय असा, की ही मुले अनवाणी धावत होती, त्यांना शास्त्रशुद्ध शिक्षण नव्हते, तरी त्यांच्या वेळा युरोपीय वेळांच्या जवळपास होत्या. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्याशी बोलणे झाले आणि १९२०च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतातून लहानसा संघ गेला. त्यात बेळगावचा फडेप्पा दरेप्पा चौगुले होता. अँटवर्पची मॅरेथॉन नेहमीपेक्षा लांब, ४२.७५ किलोमीटरची होती. फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन जिंकला. चौगुले दोन तास पन्नास मिनिटे पंचेचाळीस सेकंदांत, एकोणिसाव्या क्रमांकावर आला.

इतिहासकार बहुधा येथे थांबतो आणि अभिमान व्यक्त करतो. आम्हांला त्याच निकालपत्रकात आणखी तीन ओळी वर पाहावेसे वाटते. सोळाव्या क्रमांकावर जपानचा शिझो कानाकुरी आहे, चौगुल्याच्या फक्त दोन मिनिटे पुढे. हा कानाकुरी १९१२ साली स्टॉकहोमला 'ताबी' घालून धावला होता. ताबी म्हणजे अंगठा वेगळा असणारे जपानी कापडी पायतण. तेथल्या उन्हाने आणि कठीण रस्त्याने त्याची शर्यत अर्ध्यावर संपवली. मायदेशी परतल्यावर त्याने तोक्योतल्या एका ताबीवाल्या दुकानदाराबरोबर बसून त्या पायतणाचा तळ बदलला, कापडाऐवजी रबर आणले, बांधणी बदलली आणि धावण्यासाठीची ताबी तयार झाली. १९५१ साली हिरोशिमा प्रांतातला शिगेकी तानाका बोस्टनची मॅरेथॉन जिंकला तेव्हा त्याच्या पायात अंगठा वेगळा असलेलेच बूट होते.

आमच्या मते या दोन मिनिटांपेक्षा पुढच्या एकतीस वर्षांचे अंतर मोठे आहे. चामड्याची विद्या आपल्याकडे कमी होती असे नाही. कोल्हापुरी वहाण दगडावर आणि मातीवर वर्षानुवर्षे टिकते. तिचा तळ शिवणारा कारागीर पायाची ठेवण नुसत्या नजरेने ओळखतो. मग धावणारा आणि वहाण करणारा हे दोघे एका ओट्यावर का बसले नाहीत? भांडवल, बाजारपेठ, परकी राज्य ही कारणे खरीच. पण आणखी एक कारण आपल्या घरातले आहे. पादुका पूजणाऱ्या समाजाने पायतण करणाऱ्याला गावकुसाच्या कडेला बसवले. त्याच्या ओट्यावर जाऊन 'हा तळ येथे टोचतो, तो असा करून पाहू' असे म्हणणे हा संवाद आहे, आणि संवादाला बरोबरी लागते. धावपटूचे ज्ञान त्याच्या टाचेत राहिले, कारागिराचे त्याच्या रापीत. चौगुले आणि कानाकुरी यांच्या कथेतून आम्ही काढलेला हा निष्कर्ष कोणास धाडसी वाटेल. तथापि आपल्या क्रीडा-इतिहासात चर्मकाराचे नाव शोधून पाहावे, म्हणजे मुद्दा ध्यानात येईल.

अनवाणीपणाचे अलंकरण हा काही केवळ मराठी दोष नाही. १९४८च्या लंडन ऑलिंपिकमध्ये भारताचे बहुतेक फुटबॉलपटू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून १–२ असे हरले. त्यावरून '१९५०च्या विश्वचषकात अनवाणी खेळू दिले नाही म्हणून आपण गेलो नाही' ही दंतकथा तयार झाली आणि संघटनेच्या उदासीनतेवर सोयीचे पांघरूण पडले. १९६० साली रोमच्या रस्त्यांवर इथिओपियाचा अबेबे बिकिला अनवाणी धावून जिंकला; त्या छायाचित्राने जग भारावले. कारण साधे होते. अनवाणी सरावाची त्याला सवय होती आणि मिळालेले बूट पायाला नीट बसत नव्हते. चार वर्षांनी तोक्योत तोच बिकिला आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेनंतर सहाएक आठवड्यांत बूट घालून धावला, पुन्हा जिंकला, आणि रोमपेक्षा तीन मिनिटे लवकर पोहोचला. हे दुसरे सुवर्णपदक किती जणांच्या लक्षात आहे?

एकविसाव्या शतकात चक्र उलटे फिरले. २००९ साली क्रिस्टोफर मॅक्डुगल यांचे 'बॉर्न टू रन' प्रसिद्ध झाले. मेक्सिकोतल्या डोंगरांत राहणारे रारामुरी लोक टायरच्या तळाच्या वहाणा घालून शेकडो किलोमीटर धावतात, हे त्यातून सर्वतोमुखी झाले. (टायरच्या चपला! आमच्या आठवडी बाजारांत त्या वर्षानुवर्षे विकल्या गेल्या आणि त्यांवर कोणी ग्रंथ लिहिला नाही.) २०१० साली डॅनियल लीबरमन आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये दाखवून दिले, की लहानपणापासून अनवाणी धावणारे बहुधा टाचेवर न आपटता पावलाच्या पुढच्या भागावर उतरतात आणि त्यांना जमिनीचा एकदम बसणारा धक्का टळतो. संशोधन नेमके होते. बाजाराने त्यातून काढलेला अर्थ तसा नव्हता. पाच बोटांचे पातळ बूट विकले गेले. आयुष्यभर जाड तळ वापरलेल्या शहरी पायांनी ते एका महिन्यात अंगीकारले आणि पोटऱ्या, टाचा, पावलांची हाडे दुखावून घेतली. असे बूट करणाऱ्या व्हिब्रम कंपनीने आरोग्यविषयक दाव्यांवरून झालेला अमेरिकेतला खटला २०१४ साली ३७ लाख ५० हजार डॉलर देऊन मिटवला. अनवाणीपणाचा हा चौथा अर्थ, म्हणजे विकत घेतलेला. तो आधीच्या तिन्हींपेक्षा महाग पडला.

दुखापतीचाही इतिहास असतो, आणि त्यालाही वर्ग असतो. शहरातला हौशी धावपटू टाच दुखली की सहा आठवडे थांबतो, बर्फ लावतो, बूट बदलतो. थांबणे हा उपचारांतला सर्वांत मोठा भाग आहे आणि तोच सर्वांत महाग. आमच्या वर्गांतली मुले-मुली पहाटे डांबरी सडकेच्या कडेने धावतात ती हौशीने नव्हे, पोलीस भरतीसाठी. पूर्वी या भरतीत मुलांना पाच किलोमीटर धावावे लागे. जून २०१४ मध्ये मुंबईच्या भरतीत काही उमेदवार धावताना मृत्युमुखी पडले आणि मग अंतर कमी झाले. आता मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. नडगीचे हाड दुखत असताना मुले थांबत नाहीत, कारण भरतीची तारीख थांबत नाही. कापडी पट्टी आवळून बांधतात आणि पळतात.

त्यांतले काही चप्पल झाडाखाली काढून अनवाणी सराव करतात. आम्ही एकदा वर्गात लीबरमन यांचे संशोधन समजावून सांगत होतो. मागच्या बाकावरच्या एका मुलीने शांतपणे विचारले, "सर, हे ज्यांच्याकडं बूट हायेत त्यांच्यासाठी हाय का?" घाटाखालच्या गावातून रोज एस.टी.ने येणारी ती मुलगी सरावाला भावाचे बूट वापरते. दोघांच्या पायांत दोन मापांचा फरक आहे. पुढे कापूस भरून ती ते घालते. भाऊही भरतीची तयारी करतो, म्हणून तो पहाटे पाचला धावतो आणि ती सहाला.