सुट्टी आणि सुगी

दिवाळीची सुट्टी ज्या कोणी प्रथम शाळेच्या वेळापत्रकात घातली, त्याच्या घरी भातशेती नसावी अशी माझी पक्की समजूत आहे. असती, तर त्याने या तीन आठवड्यांना दुसरे काही तरी नाव दिले असते. माझ्या आईचे माहेर भाईंदरला, नवघरच्या बाजूला. घर आगऱ्याचे, म्हणजे पावसात भात आणि उन्हात मीठ. दिवाळी येते ती नेमकी या दोहोंच्या सांध्यावर. शेतात भात पिवळे होऊन माना टाकते आणि मिठागरात पावसाळ्याचा गाळ उपसायची घाई लागते. अशा वेळी परळच्या चाळीतून दोन रिकामे हात आणि एक भरलेली पिशवी घेऊन भाचा उतरला, तर मामा त्यातले काय आधी बघेल हे सांगायला नको.

शाळा उघडली की गुरुजी निबंध देत : 'मी दिवाळीच्या सुट्टीत काय केले?' बाकीची मुले किल्ला, फटाके आणि राणीचा बाग लिहीत. मी एकदा खरे लिहिले. 'पहाटे चारला उठलो. भात कापले. भारे वाहिले. खळ्यावर झोडले. पाठ धरली.' गुरुजींनी खाली लाल शाईत शेरा मारला, 'विषय सोडून लिहिले आहे.' तेव्हापासून हा निबंध माझ्याकडे बाकी आहे. आज पंचाहत्तरीत तो पुरा करतोय. गुरुजी असतील तिथून शेरा मारोत.

त्या दिवसांत भाईंदर म्हणजे काय, हे आजच्या वाचकाला पटवणे अवघड आहे. विरारपर्यंत विजेची गाडी 1936 सालीच धावू लागली होती, पण माझी आजी 1951 नंतरही पश्चिम रेल्वेला 'बीबीशीआय'च म्हणे. तिच्या हिशेबी नाव बदलल्याने गाडी लवकर येणार नव्हती. स्टेशनात उतरले की मीठ, खाडी आणि पेंढा यांचा एक मिळून वास येई. दोन्ही बाजूंना गवताने शाकारलेल्या मिठाच्या राशी. लहानपणी मला त्या म्हाताऱ्यांच्या झोपड्या वाटत. शाळेच्या इतिहासात या मुलखाला जागा एका ओळीची : चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये वसई घेतली. ती घेताना पलीकडचे धारावी बेट किती महत्त्वाचे होते हे पुस्तकात नव्हते. मग माझ्या मामाचे खाचर कुठून असणार?

मामाचा इतिहास मात्र वेगळा होता, आणि तो सगळा बांधावर बसून सांगायचा होता. 1534 पासून इथे पोर्तुगीज, मग मराठे, मग 1774 साली इंग्रजांनी साष्टी घेतली, हे सगळे मी घोकून गेलो होतो. मी मोठ्या ऐटीत ते म्हणून दाखवले. मामाने विडी कानामागून काढली आणि विचारले, "मंग यातल्या कंच्या राजान उधानाची येल बदलली?"

उधाणाची वेळ! मामाच्या शेताचे सारे शास्त्र त्यात होते. आमची जमीन दीड एकर, आणि तीही खार. एका अंगाला खाडी, मध्ये मातीचा बांध, अलीकडे भात. बांध आहे तोवर ते शेत. बांध नाही तर ते खाजण, आणि खाजणात चिंबोऱ्या नि निवट्यांशिवाय काही पिकत नाही. त्यात भातही आमचे राता जातीचे, तांबूस दाण्याचे. खारेपणा इतर भातांपेक्षा जास्त सोसणारे. पण सोसणारे म्हणजे पोहणारे नव्हे. भरलेल्या लोंबीवर समुद्राचे पाणी चढले की पीक गेलेच, शिवाय ते पाणी जमिनीत बसले की पुढचे पावसाळे मीठ धुऊन काढण्यात जातात.

भरती केव्हा येणार याला मामा घड्याळ बघत नसे. तिथीची पाऊणपट करायची, की झाले. अष्टमी? आठाची पाऊणपट सहा, सहाला भरती. अमावास्या पंधरावी, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. पाऊणकीचा पाढा मला शाळेत कधी आला नाही, तो बांधावर तीन मिनिटांत आला. आणि आता तुमच्या ध्यानात आले असेल की लक्ष्मीपूजन अमावास्येला असते. म्हणजे सारा हिंदुस्थान दिवे लावून लक्ष्मीची वाट बघतो, त्याच रात्री सव्वाअकराला आमच्याकडे समुद्र येतो, आणि तोही उधाणाचा. पावसाळा सरला की दिवसाच्या भरतीपेक्षा रात्रीची मोठी, असे मामा म्हणे. शेजारच्या मिठागरवाल्याला हेच पाणी हवे असायचे. तो उघाडी उघडून ते आत घेई. एका बांधाच्या दोन बाजूंना दोन नवस : एकाला पाणी येऊ दे, एकाला नको. देवाची पंचाईत व्हायची. त्यातून मामा भात कापून झाले की मजुरीला त्याच मिठागरात जाणार, म्हणजे एकच माणूस दोन्ही नवस बोलणार!

या बांधालाही इतिहास होता, आणि तो मात्र कागदावर होता. 1870 साली इंग्रज सरकारने भाईंदर, मीरा आणि घोडबंदर इथल्या जमिनी रामचंद्र लक्ष्मणजी नावाच्या गृहस्थांना भाडेपट्ट्याने दिल्या. मुदत नऊशे नव्व्याण्णव वर्षे. एक हजार का नाही, हे मी मामाला विचारले. मामा म्हणाला, "येक वरीस सायबान दमान घ्यायला ठेवला आसल." गावची समजूत अशी की, त्यांनी बांध घालून खारे पाणी अडवायचे आणि त्यापोटी कुळांनी पिकाचा तिसरा हिस्सा द्यायचा. पुढे 1948 चा कूळकायदा आला, 1951 साली साष्टीतल्या इस्टेटींचा कायदा आला, 1957 च्या एक एप्रिलला कसेल त्याची जमीन झाली. एप्रिल फूलच्या दिवशी सरकारने हे का करावे, अशी शंका आमच्या आळीत पुष्कळांना होती. या पट्ट्यावरून कज्जेदलाली पुढेही कितीतरी वर्षे चालली, तिच्यात मी शिरत नाही; वकील शिरले तेवढे पुरे. मला एवढेच आठवते की 1960 सालच्या दिवाळीत मामाने मला बांधावर हिशेब घातला : "सत्तरपासून नव्वद झाली. आता उरली किती?" मी म्हणालो, नऊशे नऊ. मामाने खाडीकडे बघत मान हलवली. "मंग घाई नाय," तो म्हणाला.

1960 ची दिवाळी मुद्दाम सांगतोय. महाराष्ट्र राज्य होऊन सहा महिने झाले नव्हते आणि मी दहा वर्षांचा होतो. दोघांनाही आपल्याला सगळे जमेल असे वाटत होते. त्या साली दिवाळी लवकर, वीस ऑक्टोबरच्या सुमारास आली आणि निम्मे भात अजून उभे होते. घरात कामाची झुंबड. नरकचतुर्दशीला तुळशीपुढे कारीट फोडायचे ते टाचेखाली चिरडून मोठी माणसे तशीच विळे घेऊन शेतात. आजी आणि मामी रात्री नव्या भाताचे पोहे कांडीत. त्या मुसळाच्या ठेक्यावर मला झोप लागे. गूळखोबऱ्याचे ते पोहे आणि परळहून आईने आणलेल्या चकल्या, एवढाच फराळ. फटाके खळ्याजवळ उडवायचे नाहीत, कारण पेंढ्याच्या गंजीला ठिणगी पुरे. ते बांधावर नेऊन उडवायचे. दहा वर्षांच्या मुलाला बांधावर पाठवण्याचे कारण हे असे धार्मिक होते.

बांधाचा खरा शत्रू समुद्र नव्हे, चिंबोरी. ती आत बीळ करते, बिळातून पाणी झिरपते, झिरप्याचे भगदाड होते. म्हणून पोरांना शिकवण अशी : चिंबोरी दिसली तर धरा, पण बीळ मागाहून चिखल-पेंढा घालून ठोकून ठोकून बुजवा. पहिला भाग मी नीट ऐकला. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी, फटाक्यांची लवंगी माळ ओली निघाल्याच्या रागात, मी मामाची पहार घेऊन एका बिळामागे लागलो. चिंबोरी मोठी होती, आणि ती आत जाईल तसा मीही आत गेलो. हात खांद्यापर्यंत गेल्यावर तिने माझे बोट धरले. मग ती माझ्या हाती लागली की मी तिच्या, हा वाद राहील. पण तिला फडक्यात गुंडाळून मी विजयी वीरासारखा घरी आलो. बिळावर दोन ओंजळी माती टाकली होती. ठोकायला दुसरा हात मोकळा नव्हता.

रात्री पूजा मांडली होती. मापात नवे भात, वर केरसुणी, पणत्या, बत्ताशे. मामी ओवाळणार एवढ्यात बांधाच्या बाजूने हाक आली, "पानी आयलाऽ! बांदान पानी आयला!"

घर क्षणात रिकामे झाले. मामा, मामी, दोन्ही मामेभाऊ. शेजारचे आपली पूजा टाकून. मिठागरातला रातपाळीचा माणूस, ज्याला खरे तर पाणी हवे होते, तोही कंदील घेऊन धावला. गोणपाटे, पेंढा, घमेली. मी मागे. माझ्या बिळाच्या जागी मनगटाएवढी धार होती, बघता बघता ती मांडीएवढी झाली. चिखल टाकावा तो वाहून जाई. शेवटी मामा त्या भोकात पाठ लावून बसला. होय, बसला, वाड्याच्या दारात अडसर घालावा तसा. गळ्यापर्यंत चिखल, समोर आम्ही, पाठीशी अरबी समुद्र. त्याच्या दोन्ही अंगांनी बाकीचे पेंढा-माती ठासत होते. सव्वाअकराची भरती, तासभर दम धरला की पाणी उतरू लागणार हे सगळ्यांना ठाऊक होते, त्यामुळे कोणी ओरडत नव्हते. मधूनच मामा विचारी, "किती वाजले?" घड्याळ एकट्या मिठागरवाल्याकडे होते आणि ते, पुढे कळले, बंद होते. पण तो दर वेळी वेळ सांगे, आणि दर वेळी पाच मिनिटे पुढची सांगे. एवढे उमदे खोटे बोलणारा माणूस मी नंतर पाहिला नाही.

साडेबाराच्या पुढे पाणी ओसरले. कोपऱ्यातले नऊ गुंठे गेले, बाकी राहिले. घरी आलो तर आजी एकटी पूजेपुढे बसून पणत्यांत तेल घालत होती. एकही विझू दिली नव्हती. फडक्यातली चिंबोरी मात्र सुटून पळाली होती.

पाडव्याला सकाळी मामा बांध बघून आला आणि माझ्यापुढे दोन वस्तू ठेवल्या : पहार आणि ओल्या लवंगीची माळ. एक शब्द बोलला नाही. मी दोन दिवस जेवलो नाही म्हटले तर खोटे होईल, पोहे खाल्ले. पण चव लागली नाही. भाऊबीजेला आई आली. ओवाळून झाल्यावर मामाने तबकात पैसे टाकले आणि माझ्याकडे बघत तिला म्हणाला, "बाय, तुजा पोरगा मोटा इंजिनेर व्हनार. काय भोक पारतो!" आईने ती स्तुती समजून चाळीत चार बिऱ्हाडांत सांगितली. मी पुढे कारकून झालो.

दर वर्षी मामा आम्हाला नव्या तांदळाची एक गोणी पाठवी. त्या वर्षीही आली, तशीच, तोंडापर्यंत भरलेली. त्या वर्षी उन्हाळ्यात मामाच्या घरी तांदूळ विकतचे होते आणि तो मिठागरात दिवसाची मजुरी करून रात्रीही राखणीला राहत होता, हे मला मामीने सांगितले ते मामाच्या तेराव्याला. तोवर मी तो भात खाऊन बाराखडीपासून मॅट्रिकपर्यंत पोचलो होतो.

पुढचे सांगण्यासारखे थोडे आहे. 1985 साली मीरा-भाईंदरची नगरपालिका झाली, 2002 साली महानगरपालिका. 2011 च्या शिरगणतीत वस्ती आठ लाख नऊ हजारांवर गेली. ज्या बांधावर आम्ही लवंगी उडवायचो तिथे आता गाडी लावायला जागा मिळत नाही. दीड एकर तुकड्या-तुकड्याने गेले : एक लग्नाला, एक आजारपणाला, उरलेले शहाणपणाला. मामेभाऊ तिथल्याच एका इमारतीत चौथ्या मजल्यावर राहतो. त्याच्या दिवाणखान्यात मामाचा विळा भिंतीवर टांगला आहे. खाली सून सांगते, 'अँटिक.'

गेल्या दिवाळीला मी तिकडे गेलो होतो. लक्ष्मीपूजन आटोपले, टीव्हीवर कोणीतरी हसत होते, आणि अकराच्या पुढे खालून रखवालदाराचा फोन आला : गटारातून पाणी उलटे वर येतेय, गाड्या हलवा. पाऊस तर नव्हता. सगळी सोसायटी खाली. मी घड्याळ न बघता म्हणालो, सव्वाअकरा झाले असतील. झाले होते. भावाच्या नातवाने डोळे मोठे केले. तो दहा वर्षांचा आहे. त्याला पंधराची पाऊणपट सांगितली, खाडी सांगितली, बांध सांगितला. तो विचारात पडला आणि आजोबांकडे वळला, "मग तो बांध कुठे गेला?"

भावाने माझ्याकडे बोट दाखवले.

"या आजोबांना विचार," तो म्हणाला. "यांना पयल्यापासून म्हाईत हाय."

मी चकली उचलली.