उभे राहण्याची परीक्षा

मनुष्य उभा राहतो ही गोष्ट इतकी नित्याची आहे की, तिच्यासाठी शरीराला काही उद्योग करावा लागतो हे कोणाच्या ध्यानीमनीही नसते. अर्धांगवायूच्या झटक्यानंतर इस्पितळातील खाटेवरून प्रथमच जमिनीला पाय लावणाऱ्या रोग्यास मात्र तो उद्योग पुरता कळून चुकतो. उभा मनुष्य क्षणोक्षणी किंचित कलत असतो व क्षणोक्षणी सावरत असतो. या कामी त्याचे साहाय्यक तीन: डोळे, कानाच्या आतील तोल जाणणारे इंद्रिय, आणि तळपाय व सांधे यांतून मज्जारज्जूच्या वाटेने मेंदूकडे जाणारी जाणीव. तिघांपैकी एक थकला तरी उरलेले दोघे बहुधा वेळ मारून नेतात. आणि म्हणूनच दोष पुष्कळ दिवस झाकून राहतो.

हा झाकलेला दोष उघडा पाडण्याची युक्ती बर्लिनचे वैद्य मोरिट्झ रोमबेर्ग यांच्या नावाने ओळखली जाते. मज्जासंस्थेच्या रोगांवरील त्यांचा ग्रंथ १८४० ते १८४६ या काळात प्रसिद्ध झाला. उपदंशाने ज्यांचा मज्जारज्जू झिजला आहे, असे रोगी उजेडात बरे उभे राहतात. डोळे मिटावयास सांगताच मात्र झोके खाऊ लागतात, हे त्यांनी नोंदविले. अशा रोग्यास पायाखालची भुई कळेनाशी झालेली असते व ती उणीव तो दृष्टीने भरून काढीत असतो. सकाळी तोंड धुताना डोळे मिटले की तो कोलमडतो! या परीक्षेला उपकरण लागत नाही, खर्च नाही. म्हणूनच पावणेदोनशे वर्षांनंतरही ती जगभरच्या इस्पितळांत चालू आहे. पुढे जर्मन शास्त्रज्ञ फीरोर्ट यांनी उभ्या माणसाच्या शिरस्त्राणाला पीस बांधून त्याचे हेलकावे काजळी धरलेल्या कागदावर उमटविले. प्रयोग मोठा गमतीचा खरा. पण रोग्याच्या खाटेपाशी त्याचा उपयोग थोडाच.

रोमबेर्ग यांचा प्रश्न रोग कोणता, हा होता. हा मनुष्य घरी जाऊन काय करू शकेल, हा प्रश्न निराळा. आणि तो इस्पितळात शिरावयास आणखी शतक लोटावे लागले. महाराष्ट्रात त्याला घर मिळाले ते मुंबईत. परळच्या राजे एडवर्ड स्मारक रुग्णालयात १९५२-५३ च्या सुमारास भारतातील पहिले फिजिओथेरपीचे विद्यालय निघाले, आणि १९५५ मध्ये हाजी अली येथे अपंगांच्या पुनर्वसनासाठी अखिल भारतीय संस्था उभी राहिली. पोलिओने लुळ्या झालेल्या मुलांना पुन्हा पायांवर उभे करणे हे त्या काळचे मोठे काम होते.

तोल मात्र पुष्कळ काळ नजरेनेच जोखला जाई. 'बरा', 'मध्यम', 'वाईट' एवढ्या शेऱ्यांवर काम भागे. एकाचा मध्यम तो दुसऱ्याचा बरा, ही त्यातील अडचण! ती दूर करण्यासाठी कॅनडातील कॅथरीन बर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये १४ साध्या कृतींची मोजपट्टी प्रसिद्ध केली. खुर्चीवरून उठणे, आधारावाचून २ मिनिटे उभे राहणे, डोळे मिटून उभे राहणे, जमिनीवरची वहाण उचलणे, जागच्या जागी गिरकी घेणे आणि एका पायावर उभे राहणे या त्यांपैकी काही. प्रत्येक कृतीला शून्य ते ४ गुण, एकूण ५६. पंचेचाळीसच्या खाली गुण गेले की रोगी पडण्याचा धोका अधिक, असा ठोकताळा पुढे रूढ झाला. तो ठोकताळाच समजावा. ४६ गुण मिळालेला मनुष्य पडत नाही असे नव्हे.

मोजपट्टीने शेऱ्यांना शिस्त लागली, यात संशय नाही. परंतु तिची पहिलीच कृती खुर्चीपासून सुरू होते, ही गोष्ट आपल्याकडे विसरून चालणार नाही. भिवंडीच्या धामणकर नाक्याच्या परिसरातील यंत्रमाग-कामगाराचा विचार करावा. त्याचे जेवण भुईवर, निजणे भुईवर, शौचास उकिडवे बसणे. भुईवरून उठून उभे राहण्याला या १४ कृतींत स्थान नाही. घरातून तो कामावर गेला की तेथे उभे राहणे हीच त्याची भाकरी. एकाच वेळी अनेक माग सांभाळावयाचे, त्यांच्यामधल्या अरुंद वाटेने फिरावयाचे, तुटलेला धागा सांधण्यासाठी मागावर ओणवावयाचे. आणि पाळी बहुधा १२ तासांची. इस्पितळात २ मिनिटे उभा राहिल्याबद्दल त्याला पुरते ४ गुण मिळतील. पण पाळीच्या अकराव्या तासाला त्याचे पाय काय म्हणतील?

म्हणून अनुभवी फिजिओथेरपिस्ट बेरीज करून थांबत नाही. तो रोग्याला सतरंजीवर बसवून उठावयास लावतो. घरात जिना किती पायऱ्यांचा, रात्री उठावे लागते काय, कामावर टेकावयास काही मिळते काय, अशी चौकशी करतो. रोग्याबरोबर आलेल्या बायकोला किंवा भावाला जवळ बोलावतो आणि तो कलू लागल्यास दंडाला न ओढता कमरेपाशी कसे धरावे, हे त्यांच्याकडून दोनचार वेळा करवून घेतो. मागच्या दोन दिवसांत रोगी किती वेळा भिंतीला हात टेकीत होता, हे बहुधा त्यांनाच ठाऊक असते.