पान कोणी दाखवावे? सभापर्वातील फाशांपासून पोकरच्या टेबलापर्यंत

१/ पोकरच्या टेबलावर एक वाद हमखास उद्भवतो. डाव संपलेला असतो आणि मधली रक्कम एकाने ओढून घेतलेली असते. आता त्याच्या हातात कोणती पाने होती, हे पाहण्याचा हक्क इतरांना आहे काय? वरवर पाहता हा किरकोळ शिष्टाचाराचा प्रश्न वाटतो. परंतु ‘काय दाखवायचे, केव्हा आणि कोणाला’ या प्रश्नाचा इतिहास आपल्याकडे जुना आहे आणि त्याचे धागे थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत जातात. आजचा थ्रेड त्याविषयी. 🧵

२/ आरंभ द्यूतापासून करू. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ मध्ये हाती घेतले आणि १९६६ मध्ये पूर्णत्वास नेले. तीत सभापर्वाचे संपादन फ्रँकलिन एजर्टन या अमेरिकन संस्कृतज्ञाने केले. त्या द्यूतसभेतील एक गोष्ट लक्षात घ्यावी. शकुनीवर कपटाचा आरोप आहे. पण फासे पडतात ते भर सभेत. दान पडले की निकाल सर्वांसमोर असतो. फाशांच्या खेळात ‘दाखवण्याचा’ नियम लागतच नाही, कारण झाकलेले असे काहीच नसते.

३/ पत्ते आले आणि खेळात गुपित आले. १५२७ मध्ये बाबराने सिंधच्या शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. पुढे अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त बारा रंगांच्या, म्हणजे १४४ पानांच्या संचाचे वर्णन केले. पानाची पाठ सारखी आणि चेहरा वेगळा, ही साधी युक्ती. तिच्यामुळे प्रत्येक भिडूजवळ इतरांना ठाऊक नसलेली माहिती असू लागली. ती केव्हा उघड करायची, याचे नियम त्यामुळेच अपरिहार्य झाले.

४/ महाराष्ट्रात ही परंपरा सावंतवाडीने जपली. तेथील दशावतारी गंजिफांत मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा रंग असतात. प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा अशी बारा पाने, एकूण १२०. ही पाने गोल, हाताने रंगवलेली आणि लाखेचा थर दिलेली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही कला लोप पावू लागली, तेव्हा शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच चित्रकारांना आश्रय देऊन तिला नवजीवन दिले.

५/ हा खेळ तिघांचा. प्रत्येकाच्या वाट्याला चाळीस पाने येतात. खेळलेले पान सर्वांना दिसते, पण हात उचलला की ते पुन्हा पालथे होते आणि त्यानंतर उरते केवळ स्मरणात. एखाद्या रंगाचा राजा पडून गेला की त्या रंगात प्रधान सर्वश्रेष्ठ ठरतो. प्रधानही गेला की त्याच्या खालचे पान. म्हणून हातातील पानाचे मोल पानावर लिहिलेले नसते. आधी काय पडून गेले, यावर ते ठरते. उघडे पान आणि स्मरण यांचे हे नाते ध्यानात ठेवावे. पुढे न्यायालयात ते पुन्हा भेटणार आहे.

६/ उन्हाळी सुट्टीत मेंढीकोट खेळलेल्यांना ‘बंद हुकूम’ परिचित असेल. एक भिडू आपले एक पान पालथे ठेवतो; हुकूम कोणता, हे एकट्या त्यालाच ठाऊक असते. उतारीच्या रंगाचे पान हातात नसलेला भिडू ‘हुकूम उघडा’ अशी मागणी करू शकतो. म्हणजे येथेही कुतूहल पुरेसे नाही. पाहण्याचा हक्क मिळतो तो खेळातील एका निश्चित स्थितीमुळे.

७/ तीन पत्तीत हा हक्क पैशाने विकत घ्यावा लागतो. दोनच भिडू उरले की त्यांपैकी एक ठरलेली रक्कम भरून ‘शो’ मागतो. दोघांची पाने अगदी तुल्यबळ निघाली तर, प्रचलित नियमानुसार, शो मागणारा हरतो. ‘साइड शो’ तर अधिकच नाजूक. पाने पाहिलेला भिडू आपल्या लगतच्या आधीच्या, पाने पाहिलेल्या भिडूशीच तुलना मागू शकतो. ती तुलना दोघांतच होते, इतरांना काही दिसत नाही. आणि समोरचा नकारही देऊ शकतो.

८/ आता पोकर. समजा, तिघे खेळत आहेत. शेवटच्या फेरीत पहिल्याने २०० रुपये लावले, दुसऱ्याने तितकेच भरले, तिसऱ्याने पाने टाकली. येथे शेवटची रक्कम लावणाऱ्या पहिल्याने आधी पाने दाखवायची. दुसऱ्याने २०० रुपये भरले ते हे पाहण्यासाठीच. आपण हरलो असे दुसऱ्याला दिसले, तर तो आपली पाने पालथीच ठेवून टाकू शकतो. मात्र रक्कम जिंकणाऱ्याला आपली सर्व पाने उघडी करावीच लागतात.

९/ याउलट पहिल्याने २०० लावताच उरलेल्या दोघांनीही पाने टाकली, तर त्याला काहीही दाखवण्याचे बंधन नाही. ती थाप होती की खरोखर भारी पाने होती, हे गुपित त्याचेच. कारण ते जाणण्याची किंमत कोणीच मोजली नाही. ‘दाखव ना, एकदाच!’ असा आग्रह धरणे म्हणूनच अशिष्ट मानले जाते.

१०/ गुपिताला मर्यादाही आहे. जिंकलेल्याने शेजाऱ्याला हळूच पाने दाखवली, तर ती सर्वांना दाखवावी लागतात: एकाला दाखवले की सर्वांना. अन्यथा एकाजवळ इतरांहून अधिक माहिती जाईल. तसेच दोघे संगनमताने तिसऱ्याला लुटत आहेत असा संशय असेल, तर हरलेली पाने उघडण्याची विनंती करता येते. हा उपाय कपट पकडण्यासाठी आहे, कुतूहल शमवण्यासाठी नाही. २००१ मध्ये स्थापन झालेल्या टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशनने अशा प्रथांना लेखी आणि समान रूप देण्याचे काम केले.

११/ आणखी दोन संकेत. पहिला, ‘पाने बोलतात’. भिडूने तोंडाने काहीही सांगितले तरी टेबलावर उघडलेली पाने हाच निकाल. दुसरा, जिंकणारी पाने हातात असताना ती दाखवायला मुद्दाम विलंब लावून समोरच्याला खोटी आशा देऊ नये. यात नियम मोडतोच असे नाही, तरी खेळाडूंच्या लेखी याहून मोठा असभ्यपणा क्वचितच असेल.

१२/ आता न्यायालयात जाऊ. १८८७ च्या मुंबई जुगार प्रतिबंधक कायद्याने केवळ कौशल्याच्या खेळांना वगळले. १९५७ च्या चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की यश जेथे बऱ्याच अंशी कौशल्यावर अवलंबून असते, ती स्पर्धा जुगार नव्हे. १९६८ मध्ये सिकंदराबादच्या एका क्लबाचे प्रकरण आले. न्यायालयाने रमीला प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवले. कारण दिले ते असे, की पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात आणि पाने जुळवताना कौशल्य लागते. तीन पत्त्यांचा खेळ मात्र निव्वळ नशिबाचा मानला गेला.

१३/ सावंतवाडीचा गंजिफा खेळणारा भिडू हा युक्तिवाद सहज समजला असता. पाने उघडी पडत जातात तेथे स्मरणाला आणि तर्काला काम मिळते. तीन पत्तीत शेवटपर्यंत एकही पान उघडत नाही. मग लक्षात ठेवायचे काय? पोकर मधोमध उभा आहे. त्याच्या सर्वाधिक प्रचलित प्रकारात पाच पाने सर्वांसमोर उघडी, तर दोन प्रत्येकाच्या हाती झाकलेली. त्याविषयी न्यायालयांतही एकमत झाले नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला जुगारच ठरवले.

१४/ राज्यांनीही वेगळ्या वाटा धरल्या. गोव्याने १९७६ च्या जुगार कायद्यात १९९२ आणि १९९६ मध्ये दुरुस्त्या केल्या. मांडवीतील तरंगते कॅसिनो त्याचेच फलित. महाराष्ट्राने १९७६ मध्येच कॅसिनो कायदा संमत केला, परंतु तो कधीच अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. २०२५ च्या केंद्रीय कायद्याने तर पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांपुरता कौशल्य की नशीब हा भेदच बाजूला सारून त्यांवर बंदी घातली.

१५/ अशा ॲपवर पाने कोणाला दिसावीत, हे संगणकाची आज्ञावली ठरवत असे. संगनमत झाले तर ते शोधायचे कंपनीने. शेजारी बसलेल्या भिडूच्या डोळ्यांना तेथे वाव नव्हता. समोरासमोरच्या खेळात हीच राखण भिडूंनी एकमेकांवर सोपवलेली असते. म्हणून दाखवण्याचा नियम हा विश्वासाचा नियम आहे: ज्याने किंमत मोजली त्याला दिसावे, एकाला दिसले तर सर्वांना दिसावे आणि उरलेले गुपित ज्याचे त्याच्याजवळ राहावे.

आपल्या घरी मेंढीकोटात बंद हुकूम उघडण्याचे कोणते नियम पाळले जातात? आजी-आजोबांना विचारून खाली अवश्य लिहा. असे घरगुती नियम पुस्तकांत क्वचितच सापडतात.