आनेकलचे तलाव : तुटलेल्या साखळीचा इतिहास

कन्नडमध्ये ‘आने’ म्हणजे हत्ती आणि ‘कल्लु’ म्हणजे दगड. मात्र ‘आनेकल्लु’ हा जोडशब्द पावसाबरोबर पडणाऱ्या गारेसाठीही वापरला जातो. बंगळुरूच्या आग्नेयेस, तमिळनाडूच्या सीमेला लागून असलेल्या आनेकल गावाच्या नावाचा संबंध अनेकजण या गारेशी जोडतात. नावातच आभाळातून पडणारे पाणी असलेल्या या तालुक्याची खरी कथा ते पाणी जमिनीवर अडवून ठेवण्याची आहे.

बंगळुरूचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, दोन खोऱ्यांच्या जलविभाजकावर वसले आहे. पश्चिमेचे पाणी वृषभावती व अर्कावतीवाटे कावेरीला मिळते, तर पूर्वेचे दक्षिण पिनाकिनीकडे जाते. पठारावर बारमाही नदी नाही. खाली कठीण नाईस खडक असल्यामुळे पाणी मुरते ते मुख्यतः वरच्या झिजलेल्या थरात आणि खडकाच्या भेगांत. अशा भूमीत शेती करायची तर पावसाचे पाणी उतारावर टप्प्याटप्प्याने अडवावे लागते. म्हणून येथे तलाव एकेकटे बांधले गेले नाहीत, त्यांच्या साखळ्या बांधल्या गेल्या. वरचा तलाव भरला की त्याच्या सांडव्यावरून, म्हणजे ‘कोडी’वरून, पाणी ‘राजकालुवे’ या मोठ्या ओढ्यात उतरे आणि पुढच्या तलावात पोहोचे. चंदापुरा, मुत्तनल्लूर, बिदरगुप्पे हे आनेकल तालुक्यातील तलाव अशाच एका उताराचे टप्पे आहेत.

सतराव्या शतकाच्या प्रारंभी सुगटूर घराण्यातील तिम्मेगौडाने आनेकलला किल्ला आणि मोठा तलाव बांधला, असे म्हैसूरच्या जुन्या गॅझेटियरवरून दिसते. किल्ला व तलाव यांची ही जोडी अर्थपूर्ण आहे. बंगळुरूवर १६३८ नंतर शहाजीराजांचा अंमल आला आणि १६८७ नंतर म्हैसूरच्या वडेयारांचा. सत्ता बदलल्या, तरी महसूल तलावाखालच्या ओलिताच्या जमिनीवरच उभा राहिला.

या व्यवस्थेचा प्राण बांधात जितका होता, तितकाच माणसांत होता. ‘नीरगंटी’ नावाचा गावाचा पाणीवाटप करणारा सेवक ‘तूबु’ म्हणजे मोरी उघडे, पाळ्या लावी आणि बांधावर लक्ष ठेवी. खानदेशातील फड पद्धतीतल्या पाटकऱ्याशी त्याचे काम मिळतेजुळते होते. उन्हाळ्यात तलाव आटला की शेतकरी तळातला सुपीक गाळ उपसून शेतात नेत. त्यात खताची सोय होती आणि तलावाची साठवणही टिकून राहत असे.

१८३१ पासून म्हैसूरचा कारभार ब्रिटिश आयुक्तांकडे गेला आणि पुढे तलावांची जबाबदारी हळूहळू सरकारी अभियंत्यांकडे सरकली. राज्याचे मुख्य अभियंता रिचर्ड सँकी यांनी १८६६ मध्ये मान्य केले होते की, या प्रदेशात नव्या तलावासाठी जागा शोधायची तर मोठे कौशल्य लागेल, इतकी जुनी व्यवस्था परिपूर्ण आहे. मात्र ज्या ग्रामव्यवस्थेने हे जाळे जपले, ती त्याच काळात सैल होत गेली. पूर्व विदर्भातील मालगुजारी तलावांचीही गत वेगळी नाही. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारचे झाले आणि ‘मामा तलाव’ हे नाव उरले. मालकी बदलली, परंतु रोजची देखभाल करणारा हात नाहीसा झाला.

बंगळुरू शहराने आपले पाणी दूरवर शोधले. १८९४ मध्ये हेसरघट्टा, १९३३ मध्ये तिप्पगोंडनहळ्ळी आणि १९७४ मध्ये कावेरी. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या कावेरीच्या पाचव्या टप्प्यातून शहराभोवतीच्या ११० गावांसाठी दररोज ७७.५ कोटी लिटर पाणी उचलण्याची सोय झाली. हे पाणी सुमारे १०० किलोमीटर अंतरावरून सुमारे ५०० मीटर उंच चढवावे लागते. एक घनमीटर पाणी एवढे उचलण्यास किमान १.३६ युनिट वीज लागते. म्हणजे घर्षण आणि पंपांतील तूट बाजूला ठेवली, तरी एकट्या या टप्प्यासाठी रोज दहा लाखांहून अधिक युनिट. तलावांचे पाणी मात्र गुरुत्वाकर्षण फुकट वाहून नेत असे.

तलावांची गरज संपली असे वाटू लागल्यावर त्यांचा उपयोगही बदलला. बोम्मसंद्रा, जिगणी आणि अत्तिबेले येथे औद्योगिक वसाहती वाढल्या. सांडपाणी नेण्यासाठी नवी व्यवस्था उभी राहण्याआधीच जुने ओढे हाताशी होते, आणि पावसाच्या वाटेने मैला व रसायने वाहू लागली. ऑक्टोबर २०२२ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने चंदापुरा तलावाच्या प्रदूषणाबद्दल कर्नाटक सरकारला ५०० कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला. तो तलाव आहे अवघ्या २४ एकरांचा.

प्रदूषणाइतकीच गंभीर, पण कमी चर्चिली जाणारी गोष्ट म्हणजे रिकाम्या जागेची हानी. पूर्वीचा तलाव उन्हाळ्यात आटे आणि म्हणून पावसाळ्यात पूर पोटात घेई. सांडपाण्यावर पोसलेला तलाव बारा महिने भरलेला राहतो, त्यामुळे मोठा पाऊस आला की त्याच्याकडे देण्यासारखी जागाच नसते. ४-५ सप्टेंबर २०२२ रोजी बंगळुरूत २४ तासांत सुमारे १३० मिलिमीटर पाऊस झाला आणि सर्जापूर रस्त्याच्या परिसरात नावा चालवाव्या लागल्या. दीडच वर्षाने, मार्च २०२४ मध्ये, शहरातील सुमारे १४,००० सरकारी विंधन विहिरींपैकी जवळपास निम्म्या कोरड्या पडल्याचे सरकारने सांगितले. हवा एक अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे मुसळधार सरी अधिक जोरकस होतात आणि कोरड्या दिवसांत जमीन अधिक वेगाने सुकते. अशा हवामानात साठवणीचे मोल घटत नाही, वाढते.

हे मोल आनेकल तालुक्यातच एका प्रयोगाने दाखवले. यांत्रिकी अभियंता आनंद मल्लिगवाड यांनी २०१७ मध्ये एका उद्योगाच्या सामाजिक निधीतून क्यालसनहळ्ळीच्या ३६ एकरांच्या कोरड्या तलावातील गाळ उपसला, त्याच मातीची बेटे केली आणि काठावर झाडे लावली. त्यानंतरच्या पावसात तलाव भरला. येथे एक साधा हिशेब करून पाहता येतो. ३६ एकर म्हणजे साडेचौदा हेक्टर. एवढ्या तलावात एक मीटर जागा मोकळी असेल, तर साडेचौदा कोटी लिटर पाणी मावते. एक चौरस किलोमीटरवर पडलेला १३० मिलिमीटर पाऊस तेरा कोटी लिटर भरतो. म्हणजे २०२२ सारखा एका दिवसाचा पाऊस, एका चौरस किलोमीटरवरचा, असा एक तलाव सहज पोटात घेऊ शकतो.

परंतु हा हिशेब खरा ठरण्यासाठी दोन अटी आहेत. पावसाचे पाणी ओढ्यातून तलावापर्यंत पोहोचले पाहिजे, आणि सांडपाणी पोहोचता कामा नये. गाळ काही आठवड्यांत उपसता येतो. ओढ्यावरचे अतिक्रमण हटवणे, वरच्या वस्तीचा मैला शुद्ध करणे आणि दरवर्षी मोरी, बांध व सांडवा तपासणे हे मात्र एका उन्हाळ्याचे काम नव्हे. वरचा दुवा दूषित असताना खालचा तलाव स्वच्छ राहू शकत नाही.

चारशे वर्षांपूर्वी आनेकलला तलाव बांधणाऱ्यांना हवामानबदल ठाऊक नव्हता. पाऊस लहरी असतो, एवढे मात्र त्यांना पक्के ठाऊक होते, आणि म्हणून त्यांनी बांधाबरोबर नीरगंटीही नेमला. आज उपग्रहाची चित्रे, पावसाचे अंदाज आणि गाळ उपसणारी यंत्रे हाताशी आहेत. रिकामी आहे ती नीरगंटीची जागा.