एक प्रोसेसर, अनेक कामे : '१२०२' या इशाऱ्याचा इतिहास

१/ २० जुलै १९६९. अवतरणयान 'ईगल' चंद्रपृष्ठापासून सुमारे दहा किलोमीटर उंचीवर होते. तेवढ्यात त्याच्या संगणकाने इशारा दिला : १२०२. 'संगणक बिघडला, म्हणून आर्मस्ट्राँग यांनी यान हाताने उतरवले', अशी कथा पुढे रूढ झाली. वस्तुस्थिती निराळी आहे.

२/ हा संगणक अमेरिकेतील एमआयटीच्या इन्स्ट्रुमेंटेशन प्रयोगशाळेत घडला. बदलता येणारी मेमरी अवघी २,०४८ शब्दांची; कायमस्वरूपी मेमरी ३६,८६४ शब्दांची. प्रोसेसर एकच. यानाची दिशा, इंजिनाचा जोर, रडारची मोजणी, अंतराळवीरांसमोरील आकडे ही सारी कामे मात्र एकाच वेळी चालू राहणे आवश्यक होते.

३/ एक प्रोसेसर एका क्षणी एकच आज्ञा पाळतो. त्यामुळे अनेक कामे 'एकाच वेळी' करणे म्हणजे त्यांच्यात वेळ वाटून देणे होय. या वाटपाची व्यवस्था हॅल लॅनिंग यांनी रचली. तिचे दोन भाग होते : 'एक्झिक्युटिव्ह' आणि 'वेटलिस्ट'.

४/ वेटलिस्ट म्हणजे घड्याळावर चालणारी यादी. 'इतक्या शतांश सेकंदांनी हे काम कर', अशी नोंद तीत होई. वेळ भरताच इंटरप्ट येई, चालू काम क्षणभर थांबे आणि नोंदलेले काम उरके. अट एकच : असे काम काही मिलिसेकंदांतच संपले पाहिजे.

५/ लांबलचक गणिते एक्झिक्युटिव्हकडे असत. प्रत्येक कामाला प्राधान्यक्रम आणि मेमरीतील १२ शब्दांची एक जागा मिळे. चालू कामाने थोड्या थोड्या वेळाने स्वतःच पाहायचे, की अधिक महत्त्वाचे कोणी खोळंबले आहे काय? असल्यास त्याने बाजूला व्हायचे. जागा मात्र मोजक्याच होत्या.

६/ आता त्या दिवसाकडे वळू. कक्षेतील मुख्य यानाशी पुन्हा जुळण्यासाठी असलेले रडार चालू होते. त्याच्या आणि संगणकाच्या वीजपुरवठ्यांतील तालमेळ चुकला होता. परिणामी निरर्थक स्पंदांचा मारा सुरू झाला : सेकंदाला कमाल १२,८००. प्रत्येक स्पंद मोजण्यात ११.७ मायक्रोसेकंद जात. म्हणजे जवळजवळ १५ टक्के वेळ वाया!

७/ अवतरणाचे मुख्य गणित दर दोन सेकंदांनी नव्याने सुरू होई. वेळ कमी पडू लागताच आधीचे गणित संपण्यापूर्वीच पुढचे दाराशी येऊन उभे राहू लागले. अपुरी कामे आपापल्या जागा अडवून बसली. अखेर नव्या कामाला जागाच उरली नाही. १२०२ चा अर्थ एवढाच होता.

८/ मात्र हे संकट प्रयोगशाळेने आधीच गृहीत धरले होते. संगणकाने सारी यादी पुसली आणि महत्त्वाची कामे नोंदवून ठेवलेल्या टप्प्यांपासून पुन्हा सुरू केली. दिशा आणि इंजिन यांवरील नियंत्रण सुटले नाही. गळाली ती ऑल्ड्रिन यांनी मागितलेल्या आकड्यांच्या सततच्या दर्शनासारखी दुय्यम कामे.

९/ ह्यूस्टनमध्ये निर्णय २६ वर्षांच्या स्टीव्ह बेल्स यांच्या हाती होता. काही दिवसांपूर्वीच्या सरावात अशाच इशाऱ्यावर त्यांनी मोहीम थांबवली होती आणि तो निर्णय अनावश्यक ठरला होता. त्यानंतर २४ वर्षांच्या जॅक गार्मन यांनी सर्व इशाऱ्यांची हस्तलिखित यादी केली. तिच्या आधारे गार्मन यांनी सांगितले : इशारा वारंवार येत नसेल, तर पुढे जावे. बेल्स यांनी पुढे जाण्याचा कौल दिला.

१०/ शेवटच्या आठ मिनिटांत असे पाच इशारे आले. आर्मस्ट्राँग यांनी सूत्रे हाती घेतली ती समोर खडकाळ विवर दिसले म्हणून. आणि तेव्हाही त्यांच्या हातातील दांड्याच्या खुणा इंजिनापर्यंत संगणकच पोहोचवत होता.

११/ आज विद्यार्थी ज्यावर दिवे लुकलुकवतात, त्या आर्डुइनो उनो बोर्डाची बदलती मेमरी २,०४८ बाइट आहे. त्यावरही नियम तेच : कोणत्याही कामाने प्रोसेसर अडवून बसू नये, घड्याळ पाहावे, आपले काम उरकून वाट मोकळी करावी. लॅनिंग यांनी त्यांत आणखी एक प्रश्न आधीच सोडवून ठेवला होता : सारे काही झेपेनासे झाले, तर प्रथम काय सोडायचे? 'ईगल' सुखरूप उतरले, त्यात या उत्तराचा वाटा मोठा आहे.