हुंडेकऱ्याची हमी

नगर-सोलापूरकडे 'हुंडेकरी' हे आडनाव आजही भेटते. हुंडीचा व्यवहार करणारा तो हुंडेकरी, असा पुष्कळांचा समज असतो. जुने मराठी कोश वेगळे सांगतात. ठरलेल्या ठोक रकमेत माल मुक्कामी पोहोचवायचा आणि वाटेतल्या जकातीही आपणच भरायच्या, असा मक्ता घेणारा वाहतूकदार म्हणजे हुंडेकरी. त्याची ठोक रक्कम ते हुंडाभाडे.

ही व्यवस्था का लागली, हे त्या काळचे रस्ते आठवले की कळते. बोरघाटातून गाडीरस्ता झाला 1830 मध्ये. त्याआधी घाट चढायचा तो बैलांच्या पाठीवरच्या गोण्यांतून. जागोजाग जकातीची नाकी. मालाचा धनी प्रत्येक नाक्यावर हजर राहू शकत नसे. म्हणून दर एक आणि जबाब देणारा माणूसही एक, ही सोय त्याला मोलाची वाटे. आज घर बदलताना आपण पॅकर्स-मूव्हर्सला फोन करून "सगळं मिळून किती?" असे विचारतो, तेव्हा खरे तर हुंडाभाडेच विचारत असतो. फरक असा, की उत्तरात रक्कम येते. जबाब कोण देणार, ते येत नाही.

या जबाबदारीला आपल्याकडे छापील कायद्याचे रूप आले 1865 मध्ये. त्या वर्षीचा तिसरा कायदा म्हणजे 'कॅरिअर्स अ‍ॅक्ट'. इंग्लंडात 1830 मध्ये घोडागाड्यांच्या काळात असाच कायदा झाला होता. लहानशा पुडक्यात मोलाची वस्तू घालून काही न सांगता गाडीवाल्याच्या हवाली करायची आणि हरवली की पूर्ण भरपाई मागायची, ही गाडीवाल्यांची तक्रार त्यामागे होती. तिथली मर्यादा 10 पौंडांची, आपल्याकडची 100 रुपयांची. कायद्याला जोडलेल्या यादीतली वस्तू 100 रुपयांहून अधिक किमतीची असेल, तर धन्याने ती काय आहे आणि केवढ्याची आहे हे आधी सांगायचे. न सांगितल्यास वाहकावर सहसा जबाबदारी नाही. सांगितल्यास त्याने जास्त दर मागावा. पण तो दर दुकानात इंग्रजीत आणि तिथल्या देशी भाषेत लावलेला हवा.

ती यादी मी पुन्हा पुन्हा वाचतो. सोन्या-चांदीची नाणी, मोती, घड्याळे, हुंड्या, काच, चिनी मातीची भांडी, शाली, जरीचे कापड, हस्तिदंत आणि चंदनाच्या वस्तू, कस्तुरी, अत्तर, वाद्ये, पिसे. पुढे तिच्यात भर पडत गेली; सिनेमाच्या फिती 1865 मध्ये असणे शक्यच नव्हते. एका ओळीत गोरोचनसुद्धा आहे. 'लेखन', 'नकाशे' आणि 'मालकीचे दस्त' ही नावे मात्र मला थांबवतात. कागदालाही किंमत असते, हे कायद्याने तेव्हाच मानले होते.

याच कायद्याची दुसरी बाजू ग्राहकाच्या कामाची आहे. माल हरवला किंवा खराब झाला, तर वाहकाचा निष्काळजीपणा सिद्ध करण्याचे ओझे धन्यावर नाही, असे नवव्या कलमात स्पष्ट होते. इरावदी नदीवरच्या जहाज कंपनीविरुद्धच्या दाव्यात 1891 मध्ये प्रिव्ही कौन्सिलने सांगितले, की सामान्य वाहक हा नुसता राखणदार नव्हे. त्याची जबाबदारी विमा उतरवणाऱ्यासारखी आहे. म्हणजे हुंडेकऱ्याकडून जी अपेक्षा होती, जवळपास तीच.

मग पावतीवर एक ओळ छापली जाऊ लागली : 'माल धन्याच्या जोखमीवर'. अनेकांना वाटते, ही ओळ असली की संपले. तसे नाही. 2000 साली नाथ ब्रदर्स एक्झिम विरुद्ध बेस्ट रोडवेज या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की या शब्दांमुळे वाहक आपल्या निष्काळजीपणातून सुटत नाही.

1865 चा कायदा गेला. त्याच्या जागी 2007 चा रस्ते वाहतूक कायदा आला आणि 1 मार्च 2011 पासून तो लागू झाला. 'वाहक' या शब्दात आता मालाची बुकिंग घेणारी कंपनी, एजंट आणि दलालही येतात. नोंदणीशिवाय हा धंदा करता येत नाही. म्हणजे फोनवर भाव ठरवून परस्पर दुसऱ्याचा ट्रक पाठवणाऱ्याला "मी फक्त मध्यस्थ" म्हणून हात झटकता येत नाहीत. पण भरपाईला मर्यादा आहे : किंमत आधी जाहीर केली नसेल, तर भाड्याच्या दहापट. भाडे 15,000 असेल, तर फार तर दीड लाख. नियम 'भाड्या'बद्दल बोलतो. म्हणून बिलात बांधणी, हमाली आणि भाडे यांचे आकडे वेगवेगळे कसे मांडले आहेत, तेही पाहावे. नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगपासून 180 दिवसांत द्यावी लागते.

तीन वर्षांपूर्वी आम्ही पुण्यातच घर बदलले, तेव्हा कंपनीच्या माणसाने यादीत लिहिले : 'वापरलेले घरगुती सामान, 41 नग'. त्यातल्या चार खोक्यांत मोडी कागद होते. काही माझे, काही एका कुटुंबाने विश्वासाने वाचायला दिलेल्या जमाखर्चाच्या वह्या. मी ती चार खोकी वेगळी लिहायला लावली, समोर किंमत टाकायला लावली. "रद्दीची किंमत कशाला?" असे तो म्हणाला. वाटेत पाऊस लागला, ताडपत्री फाटकी निघाली आणि एक खोके भिजले. कंपनीने आधी तीच छापील ओळ दाखवली. मी सहीची यादी आणि लेखी नोटीस पुढे केली. दीड महिन्याने रक्कम मिळाली, ती मी त्या कुटुंबाला दिली. वह्यांची शाई मात्र पसरली ती पसरलीच. दोन वर्षांचा जमाखर्च आता कोणालाच वाचता येणार नाही.

म्हणूनच मला वाटते, की घर हलवणाऱ्याचे खरे काम खोकी बांधण्याच्या आधीचे आहे. नोंदणी क्रमांक विचारावा. प्रत्येक नगावर आकडा आणि यादीत त्याचे नाव हवे. मोलाच्या वस्तूसमोर किंमत हवी. विम्याचे पैसे घेतले असतील, तर आपल्या नावाची पॉलिसी हातात हवी. आणि जे पैशाने परत येत नाही, ते ट्रकमध्ये चढवूच नये. वाहकाने जबाब द्यावा ही अपेक्षा हुंडेकऱ्याइतकी जुनी आहे. धन्याने आधी बोलावे ही अट 1865 पासूनची. आपल्या बहुतेक घरांतून ट्रक निघतो तेव्हा यादीवर एवढेच असते : 'घरगुती सामान'.